एअर रायफलवर पुन्हा पुन्हा येणारा गंज : कारणाचा शोध, सफाई आणि प्रतिबंध

एअर रायफलच्या नळीवर तांबूस ठिपके दिसतात, तेलाचे फडके फिरवले की ते नाहीसे झाल्यासारखे वाटतात आणि काही आठवड्यांत नेमके त्याच जागी पुन्हा उगवतात. तेल कमी पडले असावे असे समजून पुढच्या खेपेस अधिक तेल लावले जाते, तरीही गंज परत येतो. वास्तविक तेल बहुतेक वेळा कमी पडलेले नसते. तेलाखाली मीठ राहिलेले असते, किंवा रायफल ज्या जागी ठेवली जाते ती जागाच तिला ओलावा पुरवत असते, आणि या दोहोंपैकी कोणते कारण आहे ते ओळखल्याशिवाय केलेली सफाई म्हणजे निव्वळ डाग पुसणे होय.

एअर रायफलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दारूच्या बंदुकांसाठी सांगितले जाणारे उपाय तिला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण तिच्यात हवा दाबणारा भाग असतो, हवा गळू न देणारी रबराची आणि प्लास्टिकची सीले असतात, आणि भलत्या जागी गेलेले तेलाचे चार थेंब गंजापेक्षा मोठे नुकसान करू शकतात.

गेलेला गंज परत का येतो

पोलाद गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, मात्र हे पाणी डोळ्यांना दिसण्याइतके असावे लागत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर पाण्याचा जो अदृश्य थर बसतो, तोही पुरेसा असतो. त्या थरात मीठ मिसळले की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. घामात मीठ असते, समुद्रावरून येणाऱ्या हवेत असते, आणि त्यातील क्लोराइडचा विशेष असा की गंज तयार होताना ते खर्ची पडत नाही. एका ठिकाणचे लोखंड गंजवून ते पुन्हा मोकळे होते आणि खालच्या ताज्या धातूला जाऊन भिडते. त्यामुळे ठिपक्याखाली बारीक खड्डा पडतो, खड्ड्याच्या तळाशी क्लोराइड साचते आणि त्यावर गंजाचे झाकण बसते. वरवर पुसल्याने झाकण निघते, तळ मात्र तसाच राहतो.

मीठ पाण्यात विरघळते, खनिज तेलात विरघळत नाही. ही साधी गोष्ट विसरली जाते आणि मिठावर तेलाचा थर चढवून रायफल आत ठेवली जाते. पूर्वीच्या लष्करी काडतुसांच्या टोप्यांत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे आणि गोळी सुटल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड हे क्षार उरत. म्हणून त्या काळी नळीतून आधी गरम पाणी ओतण्याची आणि ती कोरडी झाल्यावरच तेल लावण्याची शिस्त होती. उत्खननात सापडलेल्या लोखंडी वस्तू संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत आठवडेच्या आठवडे अल्कधर्मी द्रावणात बुडवून ठेवतात, त्यामागचा हेतूही क्लोराइड बाहेर काढणे हाच असतो. एअर रायफलला इतका खटाटोप लागत नाही, पण तत्त्व तेच आहे : आधी पाणी, मग पूर्ण कोरडेपणा, आणि सर्वांत शेवटी तेल.

नळीवरील काळसर-निळी झिलई, म्हणजे ब्लूइंग, हा रंगाचा लेप नव्हे. ते लोखंडाचेच काळे ऑक्साइड, मॅग्नेटाइट असते. हा थर एक-दोन मायक्रॉनचा आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे तो एकटा गंज थोपवू शकत नाही. तेल किंवा मेण धरून ठेवणे एवढेच त्याचे संरक्षणाचे काम आहे. काही रायफलींवर ब्लूइंगऐवजी काळा रंग दिलेला असतो. तेथे गंज रंगाखाली पसरतो आणि रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटू लागतात. अशा ठिकाणी सुटा रंग खरवडून, जागा स्वच्छ करून पुन्हा रंगवणे हाच मार्ग असतो. पांढुरकी भुकटी दिसत असेल तर तो भाग पोलादाचा नसून ॲल्युमिनियमसारख्या दुसऱ्या धातूचा आहे आणि हा लेख त्याच्यासाठी नाही.

गंजाची जागा काय सांगते

घासायला घेण्यापूर्वी रायफल उजेडात धरून प्रत्येक डागाचे छायाचित्र काढावे. डाग कोठे आहेत आणि त्यांचा आकार कसा आहे, यावरून कारण बहुधा कळते, आणि एकदा घासून टाकल्यावर हा पुरावा नाहीसा होतो.

नळीच्या मध्यावर, जेथे रायफल मोडताना (म्हणजे ताणण्यासाठी नळी खाली वाकवताना) किंवा उचलताना हात पडतो, तेथे बोटांच्या आकाराचे किंवा अर्धवट ठशांसारखे डाग असतील तर कारण घाम आहे. काही व्यक्तींच्या घामाने पोलाद एका रात्रीत डागाळते, तर काहींचा हात दिवसभर लागला तरी काही होत नाही; त्यामुळे घरातील एकाच माणसाने रायफल हाताळल्यानंतर डाग येतात असे दिसले तर त्यात नवल मानू नये. याउलट संपूर्ण नळीवर, सिलिंडरवर (ज्यात हवा दाबली जाते त्या भागावर) आणि हात न लागणाऱ्या भागांवरही सारखे बारीक ठिपके उठले असतील, तर दव धरले आहे, म्हणजे थंड धातूवर दमट हवेतील पाणी साचले आहे.

केवळ एकाच बाजूला, लांबट पट्ट्यात गंज असेल तर रायफल ज्यावर टेकून राहते ती वस्तू पाहावी. बहुतेक वेळा ती पेटीतील फोम असते. फोम एकदा ओला झाला की वरून कोरडा लागला तरी आतून अनेक दिवस ओलसर राहतो. चामड्याचे आवरण त्याहून वाईट, कारण कातडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात उरलेले असतात. आवरण कितीही देखणे असले तरी ते नेण्या-आणण्यासाठी आहे, साठवणुकीसाठी नाही.

लाकडी दस्ता आणि धातू जेथे भेटतात त्या रेषेवर तांबूस कड दिसत असेल, तर बाहेर दिसते त्याहून अधिक गंज आत आहे असे धरून चालावे. दस्त्याचा बाहेरचा भाग वॉर्निश केलेला असतो, पण धातू बसवण्यासाठी कोरलेली आतली खाच पुष्कळदा कोरीच सोडलेली असते आणि ते उघडे लाकूड ओलावा शोषून धातूला चिकटवून ठेवते. माझ्या मते पुन्हा पुन्हा येणाऱ्या गंजाचे हे सर्वांत दुर्लक्षित ठिकाण आहे, कारण ते पाहण्यासाठी दस्त्याचे स्क्रू काढावे लागतात आणि तेवढे कष्ट सहसा कोणी घेत नाही. स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) कड्यांखालची खाच, नेम धरण्याच्या मागील दर्शकाचा तळ आणि स्क्रूंची डोकी याही अशाच लपलेल्या जागा आहेत.

कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या रायफलीत आणखी एक प्रकार घडतो. लागोपाठ छर्रे झाडले की द्रवरूप वायूचे बाष्पीभवन होऊन धातू गार पडतो आणि दमट हवेत त्यावर दव जमते. अशा रायफलीत व्हॉल्व्ह आणि वायूच्या नळकांड्याभोवती गंज दिसला तर साठवणुकीला दोष देण्याआधी ती वापरल्यानंतर लगेच पुसली जाते का, ते पाहावे.

काम सुरू करण्यापूर्वी

रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करावी, मॅगझिन (छर्रे भरण्याची डबी) असेल तर काढावे, आणि वायूचे नळकांडे किंवा दाबाची हवा असलेली रायफल उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने दाबमुक्त करावी. स्प्रिंगवर चालणारी, नळी मोडून ताणली जाणारी रायफल उघड्या स्थितीत असताना एका हाताने नळी घट्ट धरल्याशिवाय दुसऱ्या हाताची बोटे ब्रीचजवळ, म्हणजे छर्रा बसवण्याच्या नळीच्या मागच्या टोकाजवळ, नेऊ नयेत. त्या स्थितीत ट्रिगर सुटला तर नळी जोराने मिटते, बोटे चिरडतात आणि नळी वाकते. सफाईसाठी दस्ता काढणे पुरेसे असते. मुख्य स्प्रिंग मात्र न ताणलेल्या अवस्थेतही दाबून बसवलेली असते, त्यामुळे स्प्रिंग दाबून धरणारे योग्य साधन नसेल तर सिलिंडर उघडू नये.

बाहेरचा गंज काढणे

गंजलेल्या जागेवर पातळ खनिज तेलाचे दोन-तीन थेंब टाकून किमान अर्धा तास तसेच राहू द्यावे. तेल येथे रक्षणासाठी नाही, तर गंज सैल करण्यासाठी आणि घासताना ओरखडे पडू नयेत म्हणून आहे. त्यानंतर कांस्याच्या बारीक तारांचा बोळा, किंवा तो नसेल तर ०००० प्रतीचे (सर्वांत बारीक) स्टील वूल, म्हणजे पोलादी तारांचा बोळा, तेलात भिजवून, बोटाच्या हलक्या दाबाने नळीच्या लांबीच्या दिशेने फिरवावे. तांबडा गंज ब्लूइंगच्या काळ्या ऑक्साइडपेक्षा मऊ असतो, म्हणून हलका हात ठेवला तर गंज निघतो आणि झिलई टिकते. जोर लावला की दोन्ही जातात. दर काही फेऱ्यांनंतर पांढऱ्या सुती कापडाने पुसून पाहावे. कापडावर तपकिरी रंग येत आहे तोवर काम चालू ठेवावे, आणि राखाडी-काळा रंग येऊ लागला की तत्काळ थांबावे, कारण आता झिलई घासली जात आहे. हा प्रयोग आधी दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर करून पाहणे शहाणपणाचे. भांडी घासण्याची जाड तार, सँडपेपर आणि खरखरीत पॉलिश यांना येथे जागा नाही.

स्टील वूल वापरले असेल तर त्याचे सूक्ष्म तुकडे फटींत अडकून स्वतःच गंजतात आणि नवा डाग पडला असे वाटू लागते. एखादे लोहचुंबक कापडात गुंडाळून त्या भागावरून फिरवल्यास ते निघून येतात.

बहुतेक जण इथपर्यंत येतात आणि लगेच तेल लावून मोकळे होतात, पण खरे काम यापुढचे आहे. प्रथम आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा टर्पेंटाइनने ती जागा पुसून तेल काढून टाकावे, मात्र हे द्रव दस्त्याच्या वॉर्निशला आणि सीलांना लागू देऊ नयेत. मग ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब मिसळून त्यात सुती कापडाची घडी भिजवावी, ती पिळून ओलसर ठेवावी आणि डागावर दोन-तीन मिनिटे दाबून धरावी. नंतर घडी बदलून नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने हेच अनेक वेळा करावे. नळाचे पाणी टाळावे, कारण त्यात क्लोरीन आणि क्षार असतात, म्हणजे जे काढायचे तेच पुन्हा लावल्यासारखे होते. ब्रीच आणि हवेची वाट आधी चिकटपट्टीने झाकून ठेवावी आणि पाणी कोठेही ओघळू देऊ नये.

त्यानंतर लगेच कोरड्या कापडाने पुसून, अल्कोहोलचा हात फिरवून, केस वाळवण्याच्या यंत्राने धातू हाताला सुखद ऊब लागेल इतकाच गरम करावा. खड्ड्यातले पाणी कापडाने निघत नाही, ते उष्णतेनेच निघते. अधिक तापवल्यास सीले आणि दस्त्याची चिकटवलेली जागा बिघडते, म्हणून हात ठेवता येणार नाही इतका धातू कधीही तापवू नये.

मीठ गेले की नाही हे तपासण्याचा एक उपाय आहे. कोरड्या खोलीत, शक्यतो आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असताना, ती जागा तेल न लावता एक दिवस उघडी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहावी. आजूबाजूचा धातू जसाच्या तसा असून केवळ जुन्या खड्ड्यांत नारिंगी कण दिसत असतील तर क्लोराइड शिल्लक आहे आणि घासणे व धुणे पुन्हा करावे लागेल. खोल खड्डे, म्हणजे ज्यांत नख अडकते असे, दोन-तीन वेळा धुतल्याशिवाय सहसा शांत होत नाहीत.

काय वापरू नये

व्हिनेगर, लिंबू, फॉस्फोरिक आम्लाची गंजनाशके आणि गंज विरघळवणारी तयार द्रावणे गंज काढतात यात शंका नाही, परंतु ब्लूइंग हेही लोखंडाचे ऑक्साइडच असल्याने गंजाबरोबर तेही विरघळते आणि नळीवर राखाडी चट्टे उरतात. झिलई पूर्णपणे काढून नव्याने करून घ्यायची असेल तरच ही द्रावणे उपयोगी आहेत.

डब्ल्यूडी-४० बद्दल मतभेद फार असतात. त्याच्या नावातील पहिली दोन अक्षरे ‘पाणी हटवणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत, आणि ओल्या धातूवरचे पाणी हटवणे हे काम ते चांगले करते. पण त्यातील बराचसा भाग उडून जातो, मागे अगदी पातळ थर राहतो आणि दीर्घकाळच्या साठवणुकीसाठी तो पुरत नाही. फवाऱ्याने मारल्यास ते कोठेही झिरपते, आणि एअर रायफलमध्ये हाच त्याचा मोठा दोष आहे. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा दाबलेल्या हवेचे तापमान क्षणार्धात कित्येकशे अंशांवर जाते. सिलिंडरच्या त्या कक्षात पेट्रोलियम तेल पोहोचले असेल तर ते पेट घेते, मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो, आणि पिस्टनच्या सीलला व स्प्रिंगला इजा होते. म्हणून एअर रायफलवर कोणतेही तेल फवारू नये. ते कापडावर घेऊन कापडाने लावावे.

सिलिकोन तेलाबाबत उलटा गैरसमज आढळतो. ते सीलांना चालते म्हणून सगळीकडे लावले जाते, पण धातूवर धातू घासतो अशा सांध्यांत आणि स्प्रिंगवर ते वंगण म्हणून कुचकामी ठरते.

नळीच्या आत

आतला गंज बाहेरच्या गंजाहून दुर्मीळ असतो, कारण शिशाचे छर्रे आणि त्यांचे वंगण यांचा पातळ थर नळीत बसलेला असतो. निदानासाठी स्वच्छ कापडाचा तुकडा नायलॉनच्या दोरीने ब्रीचकडून नळीच्या तोंडाकडे एकदा ओढून काढावा. राखाडी-काळा डाग हे शिसे आहे आणि त्याची काळजी नको. तांबूस-तपकिरी डाग आला तर गंज आहे. पोलादी सळई आणि पोलादी ब्रश नळीत घालू नयेत, विशेषतः तोंडाकडून, कारण तेथील रायफलिंगची (छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या नळीतील सर्पिल खाचांची) कड बिघडली की नेम बिघडतो.

गंज असेल तर तेलाने किंचित ओलसर केलेले कापड ओढून तासभर थांबावे आणि मग कोरडी कापडे एकामागून एक, शेवटचे कापड स्वच्छ निघेपर्यंत ओढावीत. नळी मोडणाऱ्या रायफलीत हे काम नळी उघडून आणि तिचे तोंड खाली ठेवून करावे, म्हणजे हवेच्या छिद्रापर्यंत तेल जात नाही. ज्या रायफलींची नळी स्थिर असते त्यांत हवेची वाट थेट नळीतच उघडते, तेव्हा कापड जेमतेम ओलसर असावे. सफाईनंतरचे काही छर्रे इकडे-तिकडे लागतात. नळीत शिशाचा थर पुन्हा बसेपर्यंत तसे होतेच. आत थोडे खड्डे पडले म्हणून नळी बाद झाली असे नाही. निशाणाच्या कागदावर छर्रे एकमेकांच्या किती जवळ पडतात ते पाहून ठरवावे, टॉर्चच्या उजेडात दिसणाऱ्या दृश्यावरून नव्हे.

दाबाच्या हवेची टाकी

आधीच हवा भरून ठेवण्याच्या रायफलीत सुमारे २०० बार दाबाची हवा असते, आणि येथे गंज हा दिसण्याचा प्रश्न उरत नाही. हवा इतकी दाबली जाते तेव्हा तिच्यातील बहुतेक बाष्प पाणी होऊन वेगळे होते; हातपंपाला ओलावा शोषणारी चांगली गाळणी नसेल किंवा पंप तापेपर्यंत न थांबता चालवला असेल तर ते पाणी टाकीत जाते आणि पोलादी टाकी आतून गंजू लागते. पंप मध्ये मध्ये थांबवून गार होऊ द्यावा, त्याचा निचरा-झडप उघडून पाणी सोडावे आणि शोषक वेळेवर बदलावा.

टाकीच्या बाहेरच्या बाजूस खड्डे पडले असतील, किंवा हवा सोडताना तांबूस पाणी आले, तर ती टाकी पुन्हा भरू नये. तिला घासणे, आत तेल सोडणे किंवा उघडून आतून साफ करणे हे घरी करण्याचे काम नाही; तिची तपासणी आणि दाबचाचणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. हवा भरण्याच्या छिद्रात पेट्रोलियम तेल कधीही सोडू नये, कारण उच्च दाबाखाली त्याचा स्फोट होऊ शकतो. ओ-रिंगसाठी (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांसाठी) उत्पादकाने सांगितलेले सिलिकोन ग्रीसच वापरावे.

झिलई गेलेल्या जागा

बाटलीत मिळणारे थंड ब्लूइंग छोट्या उघड्या जागा काळ्या करते, इतकाच त्याचा उपयोग. त्यात बहुधा सेलेनियमची आणि तांब्याची संयुगे असतात, म्हणून हातमोजे घालून मोकळ्या हवेत वापरावे. त्याने तयार होणारा थर मूळ झिलईइतका टिकाऊ नसतो, आणि द्रव नीट धुतला नाही तर दुसऱ्याच दिवशी तेथे गंज दिसतो. मीठ निघाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नये.

तेल की मेण

आठवड्यातून अनेकदा वापरल्या जाणाऱ्या रायफलीला पातळ तेलाचा हात पुरतो, पण तो खरोखर पातळ असावा. जास्तीचे तेल हळूहळू खाली उतरते. रायफल तोंड वर करून उभी ठेवली असेल तर ते ट्रिगरमध्ये आणि तेथून दस्त्यात मुरते, लाकूड काळवंडते व मऊ पडते, आणि वरची नळी मात्र कोरडीच राहते. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या रायफलीसाठी, तसेच घामाच्या हातांसाठी, मला मेण अधिक भरवशाचे वाटते. संग्रहालयांत धातूंवर वापरले जाणारे मायक्रोक्रिस्टलाइन मेण चांगले. त्याचे दोन अगदी पातळ थर, पहिला वाळल्यावर दुसरा, असे द्यावेत आणि मऊ कापडाने चमकवावेत. गाडीला लावण्याच्या अनेक मेणांत घासणारी भुकटी असते, ती झिलई खाते. मेणही घाणीवर लावले तर घाणच झाकून ठेवते, हे वेगळे सांगायला नको. दस्त्याखाली लपणाऱ्या धातूला मेण आणि दस्त्याच्या आतल्या कोऱ्या खाचेला वॉर्निश, एवढे एकदा केले की त्या रेषेवरचा गंज बहुधा कायमचा थांबतो.

वापरल्यानंतर पुसण्याच्या फडक्याकडेही लक्ष द्यावे. तेच तेलकट फडके महिनोन्‌महिने वापरले तर त्यात प्रत्येक वेळचे मीठ साचत जाते आणि पुढे ते फडकेच मीठ पसरवू लागते. आधी स्वच्छ, किंचित ओलसर कापडाने हाताळलेल्या जागा पुसाव्यात, कोरड्या कराव्यात, आणि तेलाचे फडके त्यानंतर वापरावे. दोन्ही फडकी वेळोवेळी बदलावीत.

ठेवण्याची जागा

घाम आणि मीठ यांचा बंदोबस्त झाल्यावरही ठिपके येत असतील तर हवेकडे वळावे. पेटीत किंवा कपाटात एक आर्द्रतामापक ठेवावा, परंतु त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात खाण्याचे मीठ घेऊन ते पाण्याने दाट चिखलासारखे भिजवावे, झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत ठेवावेत आणि दहा-बारा तासांनी आकडा पाहावा. संपृक्त मिठावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असते, तेव्हा मापक ७० दाखवत असेल तर पुढे त्याच्या आकड्यात ५ मिळवावेत. मीठ रायफलीपासून दूर ठेवावे, हे ओघाने आलेच.

कपाटातील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर पोलाद आणि लाकूड दोन्ही सुरक्षित राहतात; त्याहून फार कोरडी हवा दस्त्याला तडे पाडू शकते. सिलिका जेल फक्त बंद पेटीतच उपयोगी पडते. फटी असलेल्या कपाटात ते साऱ्या घरातील हवा कोरडी करू पाहते आणि काही दिवसांत भरून जाते. रंग बदललेले जेल साधारण १२० अंश सेल्सियसला काही तास तापवले की पुन्हा कामाला येते. निळ्याचे गुलाबी होणारे खडे कोबाल्ट क्लोराइडमुळे रंग बदलतात आणि ते विषारी असते, म्हणून नारिंगी प्रकार घेणे बरे. गंजरोधक बाष्प सोडणारा कागद बंद पेटीत रायफलीभोवती गुंडाळणे हाही दीर्घ साठवणुकीसाठी चांगला उपाय आहे.

दव धरण्याचे गणितही समजून घ्यावे. बाहेर तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २६ अंश असतो. म्हणजे वातानुकूलित खोलीत २४ अंशांवर राहिलेली रायफल बाहेर नेताच तिच्यावर पाणी धरणार, मग कपाट कितीही कोरडे असो. अशा वेळी रायफल बंद पेटीतच राहू द्यावी, पेटीसह ती बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग पेटी उघडावी. याच्या अगदी उलट, पावसातून किंवा धुक्यातून परतलेली ओली रायफल पेटीतून ताबडतोब बाहेर काढावी आणि पेटीही उघडी वाळत घालावी. दोन्ही सल्ले ऐकू येतात आणि परस्परविरोधी वाटतात, पण पहिल्यात पाणी पेटीच्या बाहेर आहे आणि दुसऱ्यात ते पेटीच्या आत आहे.

तरीही परत आला तर

सफाईनंतर आधी काढलेल्या छायाचित्रांशी नवे डाग ताडून पाहावेत. डाग जुन्याच खड्ड्यांत असतील तर मीठ राहिले आहे आणि धुण्याची पायरी पुन्हा करायची आहे. डाग नव्या जागी आणि विखुरलेले असतील तर साठवण किंवा दव यांचा विचार करावा, आणि ठशांच्या आकाराचे असतील तर पुसण्याची पद्धत व फडकी तपासावीत. हे सगळे ठीक असूनही संपूर्ण रायफल काही दिवसांत तांबूस होत असेल, तर त्याच खोलीत काय काय ठेवले आहे ते पाहावे. फरशी किंवा शौचालय धुण्याच्या आम्लाची बाटली, ब्लीचचा डबा, आंबट वास येणारे ताजे सिलिकोन सीलंट, नुकतेच तयार केलेले ओक लाकडाचे कपाट, यांतून निघणारी बाष्पे झाकण बंद असतानाही पोलादाला पुरून उरतात. बाटली दुसऱ्या खोलीत हलवावी, सीलंटचा किंवा नव्या लाकडाचा वास पूर्ण जाईपर्यंत रायफल त्या कपाटात ठेवू नये, आणि तोवर साचलेले आम्ल निघावे म्हणून तिला पुन्हा एकदा पाण्याच्या पायरीपासून सुरुवात करून साफ करावे.